निळ्या ओठांची वंशावळ

आत्याआजीच्या संशोधनाबद्दल मला जे आठवतं ते लिहून पाठव, असं तू मागच्या रविवारी फोनवर म्हणालीस. विद्यापीठाच्या अर्जात तू तिच्यावर लिहिलेला परिच्छेदही वाचून दाखवलास. चांगला लिहिला आहेस. त्यात 'आमच्या कुटुंबातली पहिली रसायनशास्त्रज्ञ' असं एक वाक्य आहे. ते ऐकून मी म्हणाले, एक स्वल्पविराम जास्त पडलाय. खरं म्हणजे मला स्वल्पविरामाबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं.

तुझा भाऊही हे वाचेल, म्हणून सुरुवातीलाच स्वच्छ सांगते. मला तुमच्या आत्याआजीचा हेवा वाटतो. पन्नास वर्षं वाटत आला आहे. वयाबरोबर गुडघे कुरकुरतात, डोळ्यांना चष्मा लागतो, पण हेव्याला काही होत नाही, तो ठणठणीत राहतो. त्यामुळे तिच्या संशोधनाची हकीकत माझ्याकडून हवी असेल तर ती या बाजूनेच येणार.

मी लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा माझं रसायनशास्त्राचं एमएस्सी अर्धं झालं होतं. बीएस्सीला पहिला वर्ग होता. उरलेलं अर्धं लग्नानंतर पुरं करायचं असं बोलणीत ठरलं होतं. ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्याच ते पुढे लक्षात राहिलं नाही, आणि मीही मोठ्याने आठवण करून दिली नाही. सासरी सायझिंगचा कारखाना होता. मागावर चढवण्याआधी सुताला कांजी पाजतात, म्हणजे ते तुटत नाही. अंगणापलीकडून दिवसभर शिजलेल्या कांजीचा वास यायचा. तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण तेव्हा चौदा वर्षांची, नववीत.

ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तरी रीतीप्रमाणे मी तिला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणते, आणि ती मला 'वहिनी' आणि 'तू'. इथे कागदावर मात्र मी तिला 'ती' म्हणणार आहे. तेवढी मोकळीक घेते.

पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, कांजी सुताला चिकटते कशाने. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. इकडे एक ऑक्सिजन, तिकडे एक ऑक्सिजन, आणि मधे दोघांचेही हात धरून उभा असलेला हायड्रोजन. असा एक बंध अगदी नाजूक, पण लाखो एकत्र आले की सूत लोखंडासारखं ताठ. तिने ते पान फाडून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. पुढे तिच्या मुलाखती छापून येऊ लागल्या. त्यात ती सांगते की लहानपणी कारखान्यातली कांजी बघून मला प्रश्न पडला. प्रश्न तिला पडला हे खरंच आहे. उत्तर कुणी दिलं हे कुणी विचारत नाही.

अकरावीपासून बीएस्सीपर्यंत तिचा अभ्यास मी घेतला. सासूबाई तिच्यासाठी दुधावरची साय काढून ठेवायच्या, अभ्यास करणाऱ्या मुलीच्या डोक्याला लागते म्हणून. अभ्यास घेणारीच्या डोक्याला काय लागतं हा विचार त्यांच्या मनात आला नसावा. वाईट नव्हत्या त्या, त्यांना सुचलं नाही एवढंच. मग ती मुंबईला वसतिगृहात गेली, आणि तिथून पुढे बंगळुरात.

तिच्या प्रबंधाचा विषय होता रेणूंचे वर्णपट. सोपं करून सांगते. रेणू सतत थरथरत असतो. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश टाकला की प्रत्येक बंध आपल्या थरथरीच्या मापाचा प्रकाश तेवढा खाऊन टाकतो. यंत्रातली लेखणी कागदावर रेघ ओढत जाते, आणि जिथे प्रकाश खाल्ला गेला तिथे रेघेला दरी पडते. दरीची जागा आणि रुंदी बघून कळतं की आत कोण कोणाला धरून आहे, आणि किती घट्ट.

दुसऱ्या वर्षी गणपतीला ती घरी आली ती अशा आलेखांची गुंडाळी बगलेत मारून. तिला एक भली रुंद दरी सापडली होती आणि तो आजवर कुणी न पाहिलेला हायड्रोजनचा बंध आहे अशी तिची खात्री होती. मी मोदकांच्या पाऱ्या करत होते. हात उकडीचे, म्हणून तिलाच एकेक आलेख समोर धरायला सांगितला. दरी सगळ्यांत होती, अगदी ज्यात नसायला हवी त्यातसुद्धा, आणि जुलै-ऑगस्टच्या तारखांच्या आलेखांत जास्त खोल. हे नमुने पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या पांढऱ्या क्षारात घोटून त्याची काचेसारखी चकती दाबतात. तो क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. माझ्या मिठाच्या बरणीला त्या दिवसांत रोज पाझर फुटत होता.

मी म्हणाले, "वन्सं, ही दरी तुमच्या पदार्थाची नाही, हवेतल्या पाण्याची आहे. क्षार भट्टीत वाळवून घ्या आणि मग बघा."

ती रडली. दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून परत गेली, विसर्जनालाही थांबली नाही. क्षार वाळवल्यावर मोठी दरी गेली आणि तिच्याखाली दडलेली एक लहानशी खरी दरी वर आली. प्रबंध त्या लहान दरीवर उभा राहिला. छापून, बांधून घरी आला तेव्हा मी आधी ऋणनिर्देशाचं पान काढलं. मार्गदर्शक होते, यंत्र दुरुस्त करणारे होते, आई-वडील होते. शेवटी एक ओळ इंग्रजीत: आणि माझ्या वहिनीचे आभार, तिच्या असंख्य कप चहाबद्दल.

ती ओळ मला आजही पाठ आहे.

पुढचं तिचं काम तुला तिच्या कागदपत्रांत मिळेलच, मी थोडक्यात सांगते. हायड्रोजनच्या बंधांवरून ती रक्तातल्या लोखंडाच्या बंधांकडे वळली. प्राणवायू आपल्या शरीरात हिंडतो तो रक्तातल्या लोखंडाच्या अणूला धरून. त्या अणूच्या शेजारी कोण बसलंय यावर त्याने प्राणवायू घ्यायचा की नाही हे ठरतं. शेजारी कोणाला बसवायचं हे ठरवतं जनुक, म्हणून शेवटची पंधरा वर्षं ती जनुकांत रमली. निवृत्त झाली तरी संस्थेने तिला टेबल ठेवलं आहे. मला निवृत्त होता आलं नाही, कारण मी कुठेच नोकरीला नव्हते.

आता गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट.

सासूबाईंचं माहेर पडघ्यापासून आत, एका लहान गावात. शेतकरी घर. अर्ध्या शेतावर आता गोदाम उभं आहे, उरलेल्या अर्ध्यात भात होतो. त्या घरातल्या काही माणसांचे ओठ आणि नखं जन्मापासून निळसर जांभळी असतात. जांभळं खाऊन आल्यासारखी. गावात कुणाला त्याचं नवल नव्हतं. पण करोनाच्या काळात बोटाला लावून प्राणवायू मोजायची ती यंत्रं घरोघर आली आणि या लोकांच्या बोटावर आकडा ऐंशीच्या आसपास दिसायला लागला. सासूबाईंचा भाचा, म्हणजे आमचे मोठे भावजी, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांना उचलून दवाखान्यात नेलं आणि नाकातोंडावर प्राणवायू लावला. आकडा तसूभरही हलला नाही. भावजी तोंडावरचं नळकांडं बाजूला सारून भाकरी खात बसले, आणि डॉक्टर येऊन जाऊन बघत राहिले की हा माणूस मरत का नाही.

ही हकीकत नातेवाइकांतून फिरत फिरत बंगळुरात पोचली आणि तिचे कान टवकारले. लोखंड, बंध, जनुक, सगळं एका घरात, आणि तेही तिच्या आजोळी. ती दोन साड्या आणि एक लॅपटॉप एवढ्या सामानानिशी माझ्याकडे महिनाभर राहायला आली. इतक्या कमी सामानात राहता येणाऱ्या बायकांचाही मला हेवा वाटतो.

प्रश्न असा होता. ओठ निळे असण्याची दोन कारणं असू शकतात. एक, रक्तातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कमी पडतं. हे दोन्ही आईबापांकडून यावं लागतं, मधल्या पिढ्यांत दडून राहतं, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ओठांचा रंग बराच उतरतो. दुसरं, लोखंडाच्या शेजारी जन्मतःच चुकीचा शेजारी येऊन बसतो. तो लोखंडाला इतकं घट्ट धरतो की त्याला प्राणवायू घेताच येत नाही. हे एकाच पालकाकडून येतं, पिढी कधी चुकवत नाही, गोळीने जात नाही, आणि त्याने बिघडत तर काहीच नाही. रक्ताच्या वर्णपटावरून दोन्हींतला फरक कळतो. पण तिने गावातून घेतलेले पहिले नमुने महामार्गावर गोदामांच्या ट्रकांत चार तास अडकले, बर्फ वितळला, रक्त शिळं झालं आणि आलेख गढूळ आला. दुसरे नमुने जनुकाच्या तपासणीला गेले, त्यांचा अहवाल यायला दीड महिना होता. तोवर वंशावळ मांडून बघायची असं तिने ठरवलं.

मग तिने मला विचारलं, "वहिनी, तुझ्या त्या फायली आहेत ना अजून?"

आमच्याकडे आलेली एकही लग्नपत्रिका मी टाकलेली नाही. घराण्याप्रमाणे फायली, त्यात वर्षाप्रमाणे पत्रिका, हळद लागलेला कोपरा आत दुमडलेला. तुमच्या आजोबांनी याची आयुष्यभर थट्टा केली. पण पत्रिकेवर काय नसतं ते सांगा. मुलगा कुणाचा, नातू कुणाचा, मूळ गाव कुठलं, मामा कोण. सासूबाईंच्या माहेरची फाईल मी टेबलावर ठेवली तेव्हा ती उघडून बघताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. मला फार बरं वाटलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला हवं होतं ते माझ्यापाशी होतं आणि तिच्यापाशी नव्हतं.

दोन दिवस आम्ही शेजारी बसून काम केलं. मी पत्रिका वाचायची, तिने मोठ्या कागदावर मांडायचं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्यांचे ओठ निळे ते आतून भरायचे. सासूबाईंच्या वडिलांचा चौकोन भरला गेला, हे तिला लहानपणी पाहिलेलं आठवत होतं. सासूबाईंचे दोन भाऊ. मोठे मामा साधे, त्यांचा चौकोन रिकामा. धाकटे मामा निळे, त्यांचा भरलेला. मोठ्या मामांचा एकुलता एक मुलगा म्हणजे भावजी, निळे. भावजींचा मुलगा निळा. त्याची मुलगी निळी, तिच्याबद्दल पुढे सांगते.

ती पेन्सिल दातांत धरून कागदाकडे बघत बसली. साध्या बापाचा मुलगा निळा. म्हणजे पिढी चुकली. म्हणजे घट्ट शेजाऱ्याचा प्रकार बाद, आणि राहिला तो विकराचा. तो दोन्हीकडून यावा लागतो, तर मग भावजींपासून पुढे सलग कसा आला? त्याचंही उत्तर तिला माझ्याच फाइलीत मिळालं. पत्रिकेप्रमाणे भावजींनी सख्ख्या मामाची, म्हणजे मोठ्या मामींच्या भावाची, मुलगी केली होती, आणि त्यांच्या मुलाची बायकोही त्याच घरातून आणलेली. आपल्याकडची ही जुनी रीत. नात्यातली लग्नं, म्हणून दडलेला दोष पुन्हा पुन्हा समोरासमोर आला. कोडं सुटलं. ती खुशीत उठली आणि स्वतःच चहा करायला गेली.

मी तशीच बसून राहिले, कारण मला माहीत होतं की भावजी मोठ्या मामांचे नाहीतच.

मोठ्या मामींना मूल नव्हतं. धाकट्या मामींना तिसरा मुलगा झाला तेव्हा बाराव्या दिवशी त्यांनी तो मोठीच्या ओटीत घातला. कागद नाही, दत्तकविधान नाही. जाऊ जावेसमोर पदर पसरून बसली, दुसरीने त्यात मूल ठेवलं, झालं. त्या दिवसापासून तो मोठ्यांचा. शाळेत, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे मोठ्यांचाच. सासूबाईंनी हे मला एका दुपारी तांदूळ निवडताना सांगितलं आणि वर बजावलं, ओटीत घातलेलं पुन्हा मोजायचं नसतं, कुठे बोलू नकोस. त्यांच्या लेकीला त्यांनी सांगितलं नव्हतं. ती तेव्हा घरात नव्हतीच.

म्हणजे भावजींचे जन्मदाते धाकटे मामा, निळे. पिढी कुठे चुकलीच नव्हती. आणि ज्या मामाची मुलगी त्यांनी केली तो रक्ताने त्यांचा मामाच नव्हता. त्या मोठ्या कागदावरचा एक चौकोन दोन बोटं डावीकडे सरकवला असता तर तिचं सगळं उत्तर उलटं झालं असतं, आणि ती चूक माझ्या नीटनेटक्या फाइलीने केली होती.

मी बोलले नाही.

त्याची कारणं मी स्वतःला व्यवस्थित क्रमाने सांगितली. सासूबाईंना दिलेला शब्द. भावजींचं वय. घराची अब्रू. सगळी कारणं चांगली होती आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण हे, की मी सांगितलं असतं तर ते पुन्हा तिचं झालं असतं. तिचा कागद, तिचा शोध, आणि शेवटी चहाबद्दल आभार. न सांगता मात्र ते माझं होतं. ती जेवताना उत्साहाने विकराबद्दल बोलायची आणि मी तिला वाढताना मनात म्हणायची, चुकताय वन्सं. एवढी गोड गोष्ट मी कित्येक वर्षांत तोंडात धरली नव्हती. असे आठ दिवस गेले.

सातव्या दिवशी ती मुलगी आली. भावजींची नात, तेवीस वर्षांची, दापोड्याच्या एका गोदामात संगणकावर मालाची नोंद ठेवते. ड्युटी सुटल्यावर स्कूटरवरून सरळ आमच्याकडे आली होती. ओठांना गडद लाल रंग. वन्सं (दोघींना 'ती' म्हटलं तर गोंधळ होईल, म्हणून इथून पुढे वन्संच) आंघोळीला गेल्या होत्या, म्हणून ती माझ्यापाशी स्वयंपाकघरात बसली. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा अंबाडीचा. मुलाकडच्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मुलीच्या हृदयाला भोक आहे. नववीपासून मी लिपस्टिक लावते, ती म्हणाली, शाळेत बाई ओरडायच्या, मी पुसून दाखवायचे आणि मग बाईच गप्प व्हायच्या. हे सांगताना ती हसत होती. मग हसणं थांबलं.

"आजी, त्यांचं म्हणणं एवढंच हाय, डॉक्टरबाईंनी लिहून द्यावं का हे जाईल. जाईल ना? गोळीनं?"

मी म्हणाले, आत्यांनाच विचार. तिला चहा दिला. मला तिच्याकडे बघवेना.

वन्सं बाहेर आल्या, तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या की बहुतेक जाईल. रविवारी गावी येऊन सगळ्यांसमोर नीट सांगते आणि तुझ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीही लिहून देते. मुलगी वाकून त्यांच्या पाया पडली, मग माझ्याही पडली. माझ्या पाया ती कशासाठी पडली हे मला त्या रात्रभर समजलं नाही.

रविवारी भाड्याची गाडी करून आम्ही निघालो. नाका ओलांडला, ट्रकांच्या रांगेत शिरलो. वन्सं चिठ्ठीचा मजकूर मला वाचून दाखवत होत्या, इंग्रजी तपासण्यासाठी. हे त्या नेहमी करतात. त्यांचे सगळे लेख आधी माझ्याकडे येतात, कारण माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं आहे आणि हे त्या मोकळेपणाने मान्य करतात. चिठ्ठीत होतं: उपचाराने रंग कमी होण्याची चांगली शक्यता, आणि संततीत उतरण्याची शक्यता फार थोडी. इंग्रजीत चूक नव्हती.

पडघ्याचा बाजार दिसायला लागला तेव्हा मी म्हणाले, "वन्सं, भावजी ओटीतले आहेत."

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं, तांदूळ निवडण्यापासून. वन्संनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली, पिशवीतून तो मोठा कागद काढून मांडीवर पसरला, आणि एक चौकोन खोडून धाकट्या मामांच्या खाली काढला. मग बोटाने वरपासून खालपर्यंत गेल्या. निळा, निळा, निळा, निळा, निळी. एकही रिकामा नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"चाळीस-बेचाळीस वर्षं."

"तसं नाही विचारत. कागद काढला त्या दिवसापासून माहीत होतं ना?"

मी हो म्हणाले.  त्यांनी चिठ्ठी फाडून तिचे तुकडे पर्समध्ये ठेवले. मला वाटलं होतं की त्या रागावतील आणि मग मीही माझं पन्नास वर्षांचं काढीन. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या पोरीला मी खोटं लिहून देणार होते."

मला राहवलं नाही. मी चहाच्या ओळीबद्दल बोलले. रस्त्याच्या कडेला, उभ्या गाडीत, शेजारून कंटेनर जात असताना. मिठाची बरणी, वाळवलेला क्षार, सगळं सांगितलं.  प्रबंधात चहाचं काही लिहिल्याचं त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

"लिहिलं असेन," त्या म्हणाल्या. "तुझा चहा चांगलाच असायचा."

हेवा करणाऱ्याने दुसऱ्याच्या स्मरणशक्तीवर फार विसंबू नये, हे मी त्या दिवशी शिकले. जी ओळ मी पाठ करून बसले होते ती लिहिणारीच्या डोक्यात एक दिवसही राहिली नव्हती.

गावी पोचल्यावर मी आणि वन्सं आधी भावजींना एकट्यांना भेटलो. ते ओसरीवर खाटेवर बसले होते. कसं विचारावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात वन्संनी सरळ विचारलं, दादा, तुम्ही धाकट्या मामांचे का?

भावजींनी विडी विझवली. "मंग? बारा दिसांचा व्हतो तवा ओटीत घातला. आख्ख्या गावाला ठाव हाय."

"मग मला का नाही सांगितलंत? मी महिनाभर विचारतेय."

"तू आजार इचारलास, बाय. बाप कुठं इचारलास?"

मी आठ दिवस जिभेखाली धरून ठेवलेलं माझं एकटीचं गुपित आख्ख्या गावाचं होतं. आणखी अर्धा तास मी गप्प राहिले असते तर ते भावजींच्या तोंडून आलं असतं आणि माझ्या हाती काहीच उरलं नसतं. हे तुम्हाला लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की बरं झालं, मी अर्धा तास आधी बोलले.

मुलीला वन्संनी मागच्या पडवीत नेऊन सांगितलं. मलाही बसायला सांगितलं. हृदय ठणठणीत आहे. हे आजारपण नाही, रंग आहे. गोळीने जाणार नाही. मुलं झाली तर निम्म्यांचे ओठ असे असू शकतील, आणि तीही तुझ्या आजोबांसारखी ऐंशी वर्षं भाकरी खातील. मुलगी खाली बघत ओढणीचं टोक पिळत होती.  मग म्हणाली, हेच लिहून द्या. वन्संनी तिथेच लिहिलं, मी शब्द तपासले. यावेळी एके ठिकाणी चूक होती, ती मी दुरुस्त केली.

दीड महिन्याने जनुकाचा अहवाल आला. घट्ट शेजारीच निघाला. ताज्या रक्ताचा वर्णपटही तेच सांगत होता. लग्न दोनदा पुढे गेलं आणि वैशाखात झालं. मुलाची आई शेवटपर्यंत कुरकुरत होती असं ऐकते. मुलीने फोटोत लिपस्टिक लावलेली नाही. पत्रिका फाइलीत लावली आहे. तिच्यावर भावजी अजूनही मोठ्यांचेच आहेत, आणि मी त्याला हात लावलेला नाही. वेगळ्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने एक ओळ लिहून पत्रिकेला टाचली, एवढंच.

वन्संचा लेख गेल्या महिन्यात माझ्याकडे तपासायला आला. मी आधी शेवटचं पान काढलं. तिथे आभारात नाव नव्हतं. फोनवर त्यांनी समजावलं की नाव घालता येत नाही. माझं नाव आलं की घर कुठलं ते कळतं, आणि मग त्या मुलीचे ओठ जगभर होतात. नियम आहे आणि योग्य आहे. मलाही तो मान्य करावा लागला. तिथे लिहिलं होतं, कुटुंबातील एका ज्येष्ठ स्त्रीने वंशावळीसाठी साहाय्य केले.

मी तो कागद चार दिवस टेबलावर ठेवला. नाव नाही तर नाही. पण साहाय्य म्हणजे पुन्हा चहाच. पाचव्या दिवशी मी ते क्रियापद खोडलं आणि त्या जागी लिहिलं, वंशावळीतील चूक दुरुस्त केली. समासात कारण दिलं नाही. वन्संनी लेख परत पाठवला तेव्हा माझ्या बाकीच्या बत्तीस दुरुस्त्यांपैकी दोन त्यांनी अमान्य केल्या होत्या. ही तशीच ठेवली होती.

लेख छापून आला की तुला पाठवीन. शेवटचं पान आधी बघ.

आणि अर्ज अजून गेला नसेल तर त्या परिच्छेदातला 'पहिली' हा शब्द तपासून घे. स्वल्पविराम राहू दे, तो बरोबर आहे.